सोमवारी घेऊन ये

दोमिंगा ही माझी धाकटी बहीण. सख्खी. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली आमच्या कोएसियो वस्तीत जो उठतो तो म्हणतो, ती माझी भाची लागते, तिला शिलाई मीच शिकवली. कुणी काही शिकवलेलं नाही. सुई धरायला आईनं शिकवलं आणि मान वर करून चालायला मी.

रविवारी जन्मली म्हणून बापानं नाव ठेवलं दोमिंगा. म्हणजे रविवारच. आणि नेमकं हिलाच रविवार ठाऊक नाही. आता काय बोलायचं?

मी चोन. फेर्मिन मालकाच्या कारखान्यात फर्म्यावर, म्हणजे पायाच्या लाकडी साच्यावर, कातडं चढवतो. लेओन शहरात बूट चढवणारे ढिगानं पडलेत, दगड मारला तर एखाद्याला लागेल. पण माझ्या हातचा बूट फर्म्यावरून उतरला की त्याच्यावर सुरकुती शोधून दाखवा. भिंग घेऊन या वाटल्यास. शाळेत मी फार गेलो नाही. गेलो असतो तर मास्तर झालो असतो, आणि मग इतक्या लोकांनी घातलं काय असतं पायात?

दोमिंगा त्याच कारखान्यात वरच्या कातड्याच्या शिलाईला. सकाळी आम्ही दोघं एकाच दारानं आत जायचो, संध्याकाळी एकाच दारानं बाहेर. इथवर ठीक. पण आठवडा संपला की आमच्या वाटा फुटायच्या.

आमच्या धंद्याची रीत साधी आहे. शनिवारी पगार. रविवारी दारात मांस तळायची कढई. आणि सोमवारी संत सोमवार. हा संत कुठल्या चर्चमध्ये उभा नाही, त्याची तसबीर नाही, पाद्रीबाबांसमोर त्याचं नाव काढलं की त्यांना खोकला येतो. पण कोएसियोत त्याच्याएवढा पाळला जाणारा दुसरा संत दाखवा मला. बापानं पाळला, बापाच्या बापानं पाळला. सोमवारी कोंबडीसुद्धा अंडं घालत नाही, तर बूटवाल्यानं हातोडी का उचलावी? खुद्द फेर्मिन मालक, एवढा मोठा माणूस, तोही सोमवारी रविवारची उतरेपर्यंत डोक्याला ओला फडका बांधून पडलेला असतो. कारखान्याचं शटर मंगळवारी वर जातं.

आणि ही बया! शनिवारी मशीन बंद झाली की हिनं तोंडावर पाणी मारलं, बस पकडली, गेली शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथं बुटांचे नमुने काढायला शिकवतात. रविवारी पुन्हा तेच. सोमवारी घरात दाराला पडदा ओढून बसायची, फर्म्यावर कागदी चिकटपट्टी गुंडाळायची, तिच्यावर पेन्सिलीनं रेघा मारायची, मग पट्टी सोलून कागदावर सपाट करायची. पुन्हा गुंडाळ, पुन्हा सोल. दोन वर्षं आमच्या घरात चिकटपट्टीच्या चर्रर्र आवाजावर सकाळ व्हायची.

कशासाठी? तर तिला नमुना काढणारी व्हायचं होतं. कारखान्यात नमुना काढणारा म्हणजे काय ते आम्हाला विचारा. त्यानं रेघ मारायची आणि बाकी सगळ्यांनी त्या रेघेवर नाचायचं. त्याचं स्टूल खिडकीखाली, चांगल्या उजेडात. त्या स्टुलाजवळ आजवर बाई गेली असेल तर ते पुसायला.

माझा जीव मेटाकुटीला आला होता. माझ्या पोराचं पहिलं कम्युनियन झालं, आत्या नाही. वेन्सेसच्या पोरीचं बारसं झालं, दोमिंगा नाही. वेन्सेस म्हणजे माझा दोस्त आणि माझ्या पोराचा धर्मबाप, सोल कापायला असतो. तो दर रविवारी आमच्याकडे जेवायला येणार आणि दर रविवारी तोच विनोद करणार.

"काय रे चोन, आज वार कोणता?"

"रविवार."

"मग दिसत कशी नाही?"

सगळे हसायचे. मीही हसायचो, पण आतून जळायचो. कारण टेबलावर आई तिचं ताट मांडायची. पालथं. आली तर उलटं करू म्हणून. ते पालथं ताट बघून माझ्या घशाखाली मांस उतरायचं नाही. म्हणजे उतरायचं, पण चव लागायची नाही.

"अगं, माणूस आहेस का मशीन?" मी तिला म्हणायचो. "मशीनलासुद्धा मी तेल घालून एक दिवस गप्प बसवतो."

"दादा, पाय बाजूला घे, पट्टी चिकटेल."

हे उत्तर! पालथ्या घड्यावर पाणी.

आईला तर तिनं कामालाच लावलं होतं. आईनं आयुष्यभर कारखान्यात उभं राहून बुटांचे आतले तळवे चिकटवले, तिच्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी ही लिंबाएवढी गाठ. दोमिंगा खाली बसायची, आईचा पाय मांडीवर घ्यायची, गाठीभोवती बोट फिरवायची.

"इथे लागतं?"

"लागतं."

"आणि इथे?"

"तू हात लावलास की सगळीकडेच लागतं. चोन, हिला सांग रे, माझा पाय आहे, नकाशा नाही."

पण पाय काढून घ्यायची नाही. उलट मी ओरडलो की मलाच दटावायची, "तू आपली कढई बघ."

आता मुख्य गोष्ट. कारखान्यात नमुने काढायचे ते इलारिओन काका. हात सोन्याचा होता त्यांचा, पण डोळे गेले. कागद नाकाला लावून कापायला लागले. एकदा अख्खा घाणाच डाव्या पायाचा निघाला. मी चढवता चढवता थांबलो आणि ओरडलो, "मालक, गिऱ्हाईक काय एका पायावर उड्या मारत येणार आहे?" तेव्हा कुठे लक्षात आलं. काकांनी स्वतःच सांगितलं, आता मला घरी जाऊ द्या. मालकानं ग्वादालाहाराहून एका माणसाला बोलावणं पाठवलं. तो मंगळवारी येणार होता.

हे कळलं तो शुक्रवार. जेवणाची सुट्टी चालू होती, आम्ही पाव खात बसलो होतो. दोमिंगा उठली, हात पुसले आणि सरळ मालकासमोर उभी राहिली.

"मालक, त्या माणसाला स्टूल द्यायच्या आधी माझा एक जोड बघा. मी काढलाय."

पावात घातलेली डुकराची कुरकुरीत कातडी माझ्या दाताखाली होती. चावायचीसुद्धा सोय राहिली नाही, इतकी शांतता.

मालक वाईट माणूस नाही. त्यानं कान खाजवला, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "बघू की पोरी. बघू. सोमवारी घेऊन ये."

आणि सगळा कारखाना खो खो हसला.

तुम्ही कोएसियोत वाढला असाल तर का हसला ते सांगायला नको. नसाल तर सांगतो. आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून 'सोमवारी' म्हणायचं. जावई उसने पैसे मागतो, सासरा म्हणतो, सोमवारी देतो. पोरगा मुलीला विचारतो, माझ्याशी लग्न करशील? पोरगी म्हणते, सोमवारी. ज्या दिवशी कुणी उठतच नाही त्या दिवसाचा वायदा. हे शेंबड्या पोराला कळतं.

दोमिंगानं मालकाकडे नीट बघितलं. "बरं," म्हणाली. "सोमवारी." आणि जागेवर जाऊन मशीन चालू केली.

वेन्सेसनं मला कोपर मारलं. "तुझी बहीण परदेशातून आली का रे?"

घरी जाताना मी रस्ताभर डोकं फोडलं. "अगं शहाणे, त्यानं नाही म्हटलंय!"

"त्यानं सोमवार म्हटलंय."

"सोमवार म्हणजेच नाही!"

"मग त्यानं नाही म्हणायचं होतं. मी ऐकलं ते सोमवार."

"मंगळवारी दाखव, सगळे असतील."

"मंगळवारी तो माणूस स्टुलावर बसलेला असेल. बसलेल्या माणसाला उठवायला मी कोण?"

मी कपाळावर हात मारला. असल्या बाईशी कुणी वाद घालायचा? मी वादात कुणाला हार जात नाही, विचारा कुणालाही. पण ही वाद घालतच नाही. ही शब्द पकडून बसते, पकडीत कातडं धरल्यासारखी.

त्या रविवारी तिच्या शाळेला सुट्टी होती. मी शनिवारीच गल्लीभर सांगून ठेवलं, उद्या दोमिंगा जेवायला बसणार आहे, या. डुकराचं मांस आणलं, चरबी आणली, तांब्याची कढई चिंच लावून अशी घासली की वेन्सेसनं तिच्यात बघून भांग पाडला. माझ्या हातचं मांस म्हणजे काय, त्याला दात लागत नाहीत, नुसतं मनात आणायचं. आईनं ताट सुलटं मांडलं. मला त्या सुलट्या ताटाचा इतका आनंद झाला की मी जाळाला शिव्या द्यायचंसुद्धा विसरलो.

चरबी तापली, पहिले तुकडे सोडले, आणि पडदा सरकला. दोमिंगा बाहेर आली. दोन हातांत दोन कातडी, शिवून तयार, मरून रंगाची. केस विस्कटलेले.

"दादा, चढवून दे."

"काय?"

"हे. फर्म्यावर. आज चढवलं तर रात्रभर बसेल, उद्या उतरेल."

"आज रविवार आहे."

"माहितेय. माझंच नाव आहे."

सगळे हसले. मी नाही हसलो. मी मोठा झारा कढईवर आपटला. "दोन वर्षांत एक रविवार मागितला तुझ्याकडे! एक! ताट बघ तुझं, सुलटं आहे! गल्ली जेवायला आलीय! आणि तू मला रविवारी पकड हातात घ्यायला सांगतेस? बाप वरून बघेल तर काय म्हणेल?"

"बापाची पकड चांगली आहे का अजून, ते विचारेल," आई म्हणाली.

बाजू कुणाची घ्यायची याचं या घरात कुणालाच भान नाही.

दोमिंगा हलली नाही. ती रडलीही नाही, रडली असती तर मी ओरडून मोकळा झालो असतो. तिनं फक्त कातड्यांची जोडी माझ्यापुढे धरली. मी नको नको म्हणत हातात घेतली. धंद्याच्या माणसानं कातडं हातात घेऊ नये. घेतलं की संपलं. अंगठा फिरवला. शिलाई बाजूनं वळत गेली होती, जिथं इलारिओन काका ती सरळ न्यायचे तिथं. वळणात एक छोटीशी जागा होती. बाहेरून दिसत नव्हती, आतून बोटाला कळत होती.

मी झारा वेन्सेसच्या हातात दिला. "हलवत राहा. जळलं तर तुलाच तळीन."

बापाचं ठोकायचं लाकूड पलंगाखालून ओढलं. फर्मा तिचा होता, गाठीच्या जागी कातड्याची टिकली चिकटवून फुगवलेला. कातडं ओलं केलं, पकड घेतली आणि मूठभर चुका, म्हणजे बारीक खिळे, तोंडात टाकल्या. आम्ही चढवणारे चुका तोंडातच धरतो, जिभेनं एकेक पुढे सरकवतो. बाहेर लोक म्हणतात, चोनला गप्प करायचं तर त्याला काम द्या. चुका तोंडात असताना बोललं तर एक गिळली जाते. माझ्या चुलत्यानं गिळली होती.

आणि हे त्या चतुर बाईला ठाऊक होतं. मी तोंड मिटलं आणि तिनं उघडलं.

"दादा, तुला वाटतं मला रविवार आवडत नाही. बसमध्ये खिडकीशी बसते मी. प्रत्येक दारात कढई. वासानं जीव जातो. एकदा चुकून उतरले होते मधेच. परत चढले."

मी पकडीनं टोक ओढलं. ठोकलं.

"पण मी दुसऱ्याच्या रेघा शिवते, दादा. रेघ चुकलेली आहे हे दिसतं मला. आईच्या गाठीवरून जाणार, तिला काचणार, हे दिसतं. आणि मला ती चूक अगदी बरोबर शिवावी लागते. नीट. टाका न चुकवता. लोक म्हणतात, दोमिंगाची शिलाई काय सुंदर. मला एकदा रेघ मारायची आहे. एकच जागा आहे या कारखान्यात आणि मंगळवारी ती जाते."

मला बोलायचं होतं खूप. तोंडात चुका. मी नुसतं "म्म्" केलं आणि दुसरी ठोकली. डाव्या पायाचं कातडं एका बाजूनं खाली येईना. फर्मा फुगवलेला ना. दुसरा असता तर म्हणाला असता, कमी पडतं, परत काप. मी गुडघ्यात फर्मा धरला, बापाचं नाव घेतलं, मनातल्या मनात, आणि असं ओढलं की कातड्यानं हाय खाल्ली. आलं. सुरकुती नाही. शोधून दाखवा.

सोल लावेपर्यंत बाहेरून धूर आला. मग वेन्सेसचा आवाज, "चोन, हे असंच काळं व्हायचं असतं ना?"

गल्लीनं त्या दिवशी कोळसा खाल्ला. वर मला दारात येऊन ऐकवून गेले, चोनच्या हाताची चव काही वेगळीच. दोमिंगा ताटावर बसली खरी, पण एक हात सोलवर दाबून, सोल्यूशन वाळेपर्यंत. एका हातानं भाकरीत जळकं मांस गुंडाळून खात होती. "छान झालंय," म्हणाली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी आयुष्यात पहिल्यांदा पायात बूट घातले. सोमवारी, म्हणतोय मी. बायकोनं एक डोळा उघडून विचारलं, "कोण मेलं?"

"एकटी जाईल ती, लोक हसतील," म्हणालो आणि निघालो.

गल्ली मसणासारखी. कारखान्याचं शटर खाली. दोमिंगा तिथं थांबलीच नाही, शेजारच्या मालकाच्या घराचं दार वाजवलं. मालकीणबाई एन्ग्रासियांनी उघडलं, पायात टाचा चेपलेल्या सपाता. आता नमुन्याचा जोड नेहमी एकाच मापाचा असतो, आणि मालकीणबाईंचा पाय नेमका त्या मापाचा. म्हणून लग्न झाल्यापासून कारखान्यातला प्रत्येक नमुना त्यांनी फुकट घातला आणि पायांची वाट लावून घेतली. आईसारखीच गाठ, त्याच जागी.

दोमिंगानं फडक्यातून जोड काढला. "मालकांनी सोमवारी आणायला सांगितलं होतं."

"सोमवारी?" मालकीणबाई हसायला लागल्या आणि हसता हसता उंबऱ्यावर बसून त्यांनी पाय आत घातला. हसू थांबलं. उभ्या राहिल्या. दोन पावलं टाकली. चार टाकली. मग आमच्याकडे न बघता कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या आणि वळून दिसेनाशाच झाल्या.

"चोरले का काय?" मी म्हणालो.

वरच्या सज्जात मालक आला. बनियन, डोक्याला ओला फडका, एक डोळा बंद. "कोण ओरडतंय? एन्ग्रासिया! माझी कॉफी?"

"मंगळवारी!" लांबून कुठून तरी आवाज आला. "मी बाजारात चाललेय! चालत!"

मालकानं दुसरा डोळा उघडला. खाली दोमिंगा दिसली. मग मी दिसलो, सोमवारी, बूट घातलेला, तेव्हा तो बिचारा घाबरलाच. छातीवर क्रूस काढला.

"मालक, जोड आणलाय," दोमिंगा म्हणाली. "पण तो गेला."

मालकानं रस्त्याच्या टोकाकडे बघितलं. बायको बाजाराला कधी पायी गेली होती, हे आठवायचा प्रयत्न करत असावा. मग आत गेला. मला वाटलं, झोपला. तोवर वरून किल्ल्यांचा जुडगा दगडावर येऊन आदळला.

"स्टूल खिडकीखाली आहे," तो म्हणाला. "ग्वादालाहाराला मी फोन करतो. नंतर. आणि खबरदार मशीन चालू केलीस तर, डोकं फुटतंय माझं."

शटर मी वर केलं. एका हातानं. दोमिंगा आत गेली, काकांच्या स्टुलावर बसली. टेबलावर हात फिरवला, कागद ओढला, पेन्सिल घेतली. मी दारातून म्हणालो, "काढ आता काय काढायचं ते. झालं समाधान?"

आत जाऊन बघतो तर कागदावर अर्धी रेघ आणि रेघेवर डोकं ठेवून बाईसाहेब गाढ झोपलेल्या. दोन वर्षांची झोप. तोंड उघडं.

मी हात टेकले. शटर अर्धं खाली ओढलं, उजेड तोंडावर पडत होता म्हणून, आणि बाहेर पायरीवर बसलो. थोड्या वेळानं वेन्सेस डोळे चोळत आला.

"अरे, उघडा कसा कारखाना? सोमवारी? आत कोण आहे?"

"हळू बोल, गाढवा," मी म्हणालो. "नमुनेवाली कामात आहे."